मुखपृष्ठ एक, मतं अनेक

वार्षिकांकाचं मुखपृष्ठ माझ्याकडे आलं तेव्हा अंकाचा विषय ठरलेला होता: खाजन शेती, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीला बांध घालून केलेली शेती. कॉलेज फोंड्यातलं. अंकात मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी असे चार विभाग आणि प्रत्येकाचे संपादक सर किंवा मॅडम वेगळे. मी मानस, म्हणजे बांधातली पाणी अडवणारी-सोडणारी झडप, काढली होती. मधे बांध, त्यात लाकडी दारं, एकीकडे खाडी, दुसरीकडे कोरगुट भाताचं शेत, आणि त्या शेतावरच अंकाचं नाव.

स्टाफरूमच्या टेबलावर प्रिंट ठेवली आणि मतं सुरू झाली. गोवा वाटत नाही, एखादा माड टाक. रंग भडक कर. बोधचिन्ह मोठं हवं. नाव मोठं हवं. एका सरांना दीनानाथ दलालांच्या चित्रातल्यासारखी बाई हवी होती. दलाल मूळचे गोव्याचे, त्यामुळे हट्ट समजण्यासारखा. पण हात दलालांचा कुठून आणायचा?

वाद न घालता मी सगळं वहीत उतरवून घेतलं. घरी वाचताना दिसलं की खुपतंय काय ते फारसं कुणी बोललंच नव्हतं, प्रत्येकाने थेट उपायच सांगितला होता. 'नाव मोठं कर' हेच बघा. अक्षरं चांगली ठसठशीत होती. पण पांढरी अक्षरं भाताच्या बारीक पातींवर बसलेली, शिरोरेघ त्या पातींत हरवलेली आणि उकार खाली बांधाला टेकलेले. मी आकाराला हात लावला नाही. आभाळाला थोडी जास्त जागा दिली आणि नाव तिथे, मोकळ्यावर नेलं. पुढच्या बैठकीत तेच सर म्हणाले, "हां, मोठं केलंस ते बरं झालं." मी मान डोलावली.

'भडक कर'चंही तसंच. खाडी आणि शेत दोन्ही सारख्याच गडद रंगात होती, लांबून एकच पट्टा दिसायचा. खाडीला चिखलाची करडी छटा दिल्यावर शेत आपोआप उठून आलं. बोधचिन्हावर चर्चा नसते, ते निमूट मोठं केलं. माड मात्र नाही टाकला. माड आला की मुखपृष्ठाचं हॉटेलचं माहितीपत्रक होतं, आणि हे मी मॅडमना तोंडावर सांगितलं. त्या हसल्या, पण हट्ट सोडला.

सगळ्यात कामाचं मत समितीबाहेरून आलं. लायब्ररीतले शिपाईकाका दुर्भाटचे. टेबलावरची प्रिंट बराच वेळ बघून त्यांनी एवढंच विचारलं, "बाय, ही भरती काय सुकती?" सुकती म्हणजे ओहोटी. मानशीची दारं कुणी उघडायला-मिटायला जात नाही. खाडीचं पाणी चढलं की त्याच्या दाबाने ती मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. पाणी उतरलं की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. माझ्या चित्रात दारं अर्धवट होती, कारण तशी ती दिसायला छान वाटत होती. काकांच्या प्रश्नाला चित्रात उत्तरच नव्हतं. मग मी सुकती ठरवली. खाडीची पातळी खाली आणली, काठावर ओला चिखल दाखवला, दारं उघडली आणि त्यातून पाण्याची धार बाहेर काढली. चित्रात काहीतरी घडायला लागलं. गंमत म्हणजे त्यानंतर 'गोवा वाटत नाही' असं कुणी म्हणालं नाही.

प्रेसवाल्यांची मतं वेगळ्याच जातीची. त्यांत आवडनिवड नसते. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारं जादा चित्र, सोडा. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा विसरा, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, तो मंदच होणार. गडद आभाळात सोडलेली पांढरी बारीक रोमी अक्षरं चार रंगांत भरून येतील, कारण एक प्लेट केसभर सरकली तरी कडा बुजतात. तेवढी अक्षरं जाड केली. मॅट लॅमिनेशनने रंग आणखी दबतो म्हणून प्रूफ त्याच कार्डवर, लॅमिनेशनसकट मागून घेतलं. पैसे थोडे जास्त पडले, खजिनदाराने तोंड वाकडं केलं.

स्पाइनची, म्हणजे अंकाच्या पाठीची, रुंदी तेवढी शेवटपर्यंत ठरेना. ती पानांच्या संख्येवर आणि कागदाच्या जाडीवर अवलंबून, आणि विभागांचे अहवाल फाइल प्रेसला गेल्यावरसुद्धा येतच होते.