मर्कादोची सहल आणि माझं मधलं नाव

लेकीच्या तिसरीच्या वर्गाची सहल अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या लेक स्ट्रीटवरच्या मर्कादो सेंट्राल या बाजारात जाणार होती. सोबत पालक हवे होते. मी लगेच हो म्हटलं. वाटलं, एक सही करायची आणि पिवळ्या बसमध्ये बसायचं.

कसलं काय! मुलांसोबत जाणाऱ्या पालकांची आधी पार्श्वभूमी तपासतात. माझा अर्ज दोनदा परत आला, कारण पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं आणि लायसन्सवर नवऱ्याचं. बाईचं मधलं नाव लग्नानंतर का बदलतं, हे ऑफिसातल्या बाईंना समजावताना माझंच मला हसू येत होतं. अखेर दोन्ही नावं लिहून दिली, तेव्हा सहलीच्या दोन दिवस आधी मंजुरी आली.

माझ्या वाट्याला पाच मुलं. सतत मोजायची, आणि स्वतःची खरेदी अजिबात करायची नाही. एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, त्याचं इंजेक्शन माझ्या पाउचमध्ये.

हा बाजार लॅटिनो दुकानदारांनी १९९९ मध्ये सहकारी तत्त्वावर उभा केला. सहकारी म्हटलं की आम्हा विदर्भवाल्यांना बंद पडलेली सूतगिरणीच आठवते, पण इथे गाळे गजबजलेले. प्रत्येक मुलाकडे पाच डॉलर आणि एक पाठ वाक्य: ‘क्वांतो क्वेस्ता?’, म्हणजे केवढ्याला? भाव विचारायचा, घ्यायचं, सुटे मोजून आणायचे.

मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर मुरवून, मग दळून टॉर्टियाचं, म्हणजे मेक्सिकन पोळीचं, पीठ होतं, हे सांगितल्यावर मुलांनी नाकं मुरडली. मला चुना फक्त पानातला माहीत, त्यामुळे मी गप्प. पण मेतातेचं नाव निघालं, तेव्हा राहवलं नाही. तो आमचा पाटाच, फक्त तीन पायांचा! वरवंटा कसा चालवायचा ते हवेतच करून दाखवलं. लेक लाजून दुसरीकडे बघत होती.

एवढ्यात अ‍ॅलर्जीवाला मुलगा एक गोल गोड वडी घेऊन आला. मासापान. एरवी हे बदामाचं असतं, पण मेक्सिकोत शेंगदाण्याचं करतात; वास थेट आमच्या लाडवाचा. कागद सोडायच्या आत मी वडी काढून घेतली, हात पुसले. बिचारा रडकुंडीला आला. दुकानदार आजींनी न बोलता वडी परत घेतली आणि चिंचेची गोळी दिली. तिच्यावरचे घटक मी दोनदा वाचले.

मग एका बरणीवर ‘जमैका’ वाचलं. ‘हमाइका म्हणायचं,’ गटातल्या एका मेक्सिकन मुलाने मला दुरुस्त केलं. आत वाळलेली लाल अंबाडीची बोंडं! यवतमाळ सोडल्यापासून ती मी पाहिली नव्हती, आणि नियम असा की विकत घ्यायची नाहीत.

शनिवारी एकटीच गेले. ‘क्वांतो क्वेस्ता?’ विचारलं. आजींनी ओळखलं, आणि आधी मासापान पुढे केलं.