मोती, खुर्दा आणि बांगडी

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी भाची शब्दशक्ती पाठ करीत बसली होती. अभिधा म्हणजे वाच्यार्थ, लक्षणा म्हणजे लक्ष्यार्थ, व्यंजना म्हणजे व्यंग्यार्थ. आणि लक्षणेचे ठरलेले उदाहरण, ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’. मीही हे वाक्य तिच्या वयात घोकले होते आणि गुण पदरात पडताच विसरलो होतो. या वेळी मात्र त्याच्या जोडीला पानिपताचीच दुसरी एक ओळ आठवली.

१४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, असे परंपरेने सांगतात. त्या मजकुराचे पाठभेद आहेत, पण आशय एकच : दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार. उपमेयाचा कुठे उल्लेखही नाही, सगळी उपमानेच. तरीही ज्याला कळायचे त्याला सारे कळले.

कथेचे घटक शिकवताना कथानक, पात्रे, वातावरण, संघर्ष, निवेदन अशी नावे फळ्यावर लिहिली जातात आणि अलंकार व्याकरणाच्या तासाला वेगळे शिकवले जातात. ही वाटणी मला पटत नाही, कारण कोणते उपमान सुचते यावरूनच निवेदक कोण आहे हे उघड होते. सावकाराला माणसे नाण्यांच्या उतरत्या किमतीने दिसतात, आणि साधा शिपाई त्याच्या लेखी खुर्दा असतो, म्हणजे मोजण्याचीही तसदी न घेण्याजोगी चिल्लर. (बातमी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ही सांकेतिक भाषा वापरली असेल, हे मान्य, पण संकेत निवडतानाही माणूस स्वतःच्याच पेटीत हात घालतो.)

बांगडीच्या वाक्यात घटना तीच आहे, तरी स्थळ बदललेले आहे. वाक्यात पानिपताचे नाव असले तरी बांगडी फुटते ती शेकडो कोस दूर, एखाद्या घराच्या माजघरात. बोलणारी व्यक्तीही रणांगणावरची नाही. बातमीची वाट पाहत मागे राहिलेल्यांपैकी ती कोणी आहे. शिवाय सरदाराच्या घरची बांगडी आणि शिपायाच्या घरची बांगडी इथे सारखीच मोजली जाते. सव्वा लाख हा आकडा खानेसुमारीचा नव्हे, लोकांच्या बोलण्यातला ठोकळ आकडा आहे, हे उघडच आहे. तरीही सावकाराने ज्यांची गणती नाही म्हणून सोडून दिली, त्यांची गणती याच वाक्याने मांडली.

भाचीने हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मामा, पण मग उत्तरात लक्षणाच लिहायचे ना?”

लक्षणाच लिही, म्हटले.