वर्षभराची झावळी

पुण्याहून निघताना पिशवीत सगळ्यात शेवटी ठेवला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला नारळाच्या पातीचा क्रूस. वीतभर लांब, वाळून पिवळा पडलेला, एका बाजूने उकललेला. गेल्या वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, मी वसईत मैत्रिणीच्या सासरी होते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर तिच्या भाचीने चर्चच्या आवारातच पातीला घड्या घालून तो मला करून दिला होता. घरी आणला तर आईने फारसं काही न विचारता तो देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे उभा केला. "आशीर्वाद दिलेला आहे ना? मग इथेच राहू दे," एवढंच म्हणाली. श्रावणात आई गेली. देव्हारा आवरताना क्रूस हातात आला आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना. मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "टाकू नकोस, नदीत पण सोडू नकोस. राखेच्या बुधवारच्या आधी इकडे घेऊन ये."

यंदाचा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला होता. मी शनिवारीच पोहोचले.

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरून निर्मळकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलं की सुरुवातीला नुसत्या इमारती आणि गाळे. सोपाऱ्याचा स्तूप याच वस्तीच्या पोटात आहे; १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उकरून काढला. बसमधून दिसत नाही, तरी माझी मान दर वेळी त्या बाजूला वळते. मग हळूहळू वाड्या सुरू होतात. केळी, नारळ, पानवेली, पाटाचं पाणी, आणि आळीच्या तोंडाशी पांढरा क्रूस.

त्या संध्याकाळी गावात तीन लग्नं होती. प्रायश्चित्तकाळात लग्नं लावत नाहीत, म्हणून नाताळनंतरची सगळी राहिलेली लग्नं या शेवटच्या आठवड्यांत उरकायची असतात. मैत्रिणीकडचे सगळे तिन्हीकडे वाटले गेले. मला सासूबाईंबरोबर पाठवलं. त्या लाल लुगडं नेसून, अंगावर ठेवणीतले दागिने घालून पुढे आणि मी मागे. इथल्या या ख्रिस्ती समाजाला कुपारी म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून, म्हणजे मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नात्याने जोडलेल्या माणसाच्या नावावरून आला असं सांगतात. मांडवात शिरल्यावर ते पटतं. जो तो दुसऱ्याचा कुणीतरी लागत होता, आणि मी कोण हे विचारायच्या आधीच मला पानावर बसवलं होतं. आपसात सगळे कादोडीत, त्यांच्या बोलीत, बोलत, माझ्याकडे वळले की मराठीत. रात्री अकरापर्यंत घुमट आणि बँड चालू होता.

परतताना सासूबाईंनी अंधारात हिशोब सांगितला. ईस्टर चंद्रावर ठरतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. यंदा ती पौर्णिमा हनुमान जयंतीची, २ एप्रिलची. म्हणून ईस्टर ५ तारखेला. तिथून ४६ दिवस मागे आलं की राखेचा बुधवार. त्यातले सहा रविवार उपासातून वजा, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. उरतात ४०. येशूने वाळवंटात काढलेले तेवढेच दिवस. हे सगळं त्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट फिरवत दर वर्षी स्वतः मोजतात.

रविवारी महाशिवरात्रही होती. तुंगारेश्वरला जाणाऱ्यांची पहाटेपासून लगबग, आणि इकडे चर्चमध्ये प्रायश्चित्तकाळाआधीचा शेवटचा रविवार. आत गेल्या गेल्या वास आला तो फुलांचा. वेदीवर, तिच्या पायऱ्यांवर, दोन्ही बाजूंच्या मूर्तींपुढे फुलंच फुलं. गायकवृंद 'आलेलूया' म्हणायला उभा राहिला तशी मैत्रिणीने मला कोपराने खुणावलं: "नीट ऐक. आता ईस्टरच्या जागरणापर्यंत हा शब्द चर्चमध्ये उच्चारायचा नाही." आठवड्यामागून आठवडे एक शब्द पूर्ण गाव मिळून गिळून ठेवतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणूनच असेल, तो त्या सकाळी इतका मोकळ्या आवाजात गायला गेला.

मिस्सेच्या शेवटी फादरांनी सूचना वाचल्या. बुधवारी पहिली मिस्सा पहाटे साडेपाचला, कामावर जाणाऱ्यांसाठी. दर शुक्रवारी संध्याकाळी 'क्रुसाची वाट' ही प्रार्थना. पापनिवेदनाच्या वेळा. आणि घरातल्या जुन्या झावळ्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत व्हरांड्यातल्या टोपलीत आणून ठेवाव्यात.

त्या टोपलीपाशी मी मंगळवारी दुपारभर बसले होते. खरं तर माझा क्रूस ठेवून निघायचं होतं, पण पाय निघेना. लोक येत होते. कुणाचा रिक्षाच्या आरशाला टांगलेला, धुराने काळवंडलेला क्रूस. कुणाची नुसती पात, येशूच्या तसबिरीमागे वर्षभर खोचलेली. तिच्यावर कोळिष्टकं तशीच. एका बाईने बाळाच्या पाळण्याला बांधलेला इवलासा क्रूस दोऱ्यासकट आणला. एक आजोबा पाच झावळ्या घेऊन आले. त्यांच्या घरातली एक. बाकीच्या शेजारच्या बंद घरांतल्या. मुलं परदेशी गेलेली, चाव्या आजोबांकडे. झावळ्यांच्या रविवारी त्या घरांत झावळी ठेवायची आणि पुढच्या वर्षी काढून आणायची, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. प्रत्येक झावळी टोपलीत ठेवताना ते त्या घराचं नाव हळू आवाजात घेत होते.

ऊन उतरल्यावर चर्चच्या मागच्या अंगणात, वाऱ्याच्या आडोशाला, सेवेकरी काकांनी मोठं घमेलं मांडलं. या कामात त्यांची उभी हयात गेली आहे. आधी त्यांनी प्रत्येक पातीचा हीर ओढून वेगळा केला. हीर नीट जळत नाही, त्याचे कोळशाचे तुकडे राहतात आणि ते राखेत आले तर कपाळाला टोचतात. फादरांनी छोटी प्रार्थना म्हटली. मग काडी.

वाळलेली नारळाची पात कशी पेटते ते कोकणात कुणाला सांगायला नको. भडका क्षणात माणसाच्या कमरेइतका उठला. मी माझा क्रूस तोवर हातातच धरून होते. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, घाई केली नाही. मग मी तो टाकला. तो एकदाच आकसला, आणि त्यानंतर त्या पाच बंद-उघड्या घरांचे, रिक्षावाल्याचे, पाळण्यातल्या बाळाचे आणि माझ्या आईचा असे वेगवेगळे काही उरलेच नाहीत.

निवल्यावर काकांनी राख मलमलीच्या फडक्यातून गाळली. टोपलीभर झावळ्यांची राख एका लहान डब्यात मावली. एवढीशी पूर्ण धर्मग्रामाला, म्हणजे या चर्चच्या सगळ्या माणसांना, पुरते का, विचारलं तर म्हणाले, "दर वर्षी उरते." लावताना पाणी घालता का? तर पवित्र पाण्याचे चार थेंब शिंपडायचे, भिजवायची मात्र नाही. राखेत खार असतो, ओली झाली की कातडीला चावते. माझी आई काथ्याने आणि राखेने पितळेची भांडी घासायची, हात सोलवटायचे तिचे. तोच हा खार. किती वर्षांनी आठवलं.

रात्री घरी डुकराचं मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या. गोव्यात या आधीच्या तीन दिवसांत इंत्रुजचा, म्हणजे कार्निव्हलचा, केवढा दंगा असतो. इथे या घरात नुसतं पोटभर जेवण आणि लवकर निजानीज. राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) १८ ते ५९ वयाच्या माणसाने एकच पूर्ण जेवण घ्यायचं, चौदाच्या पुढच्यांनी मांस वर्ज्य करायचं, असा चर्चचा नियम. मासळी चालते. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई उपासाच्या नियमातून सुटलेल्या, पण त्या ४० दिवस मासळीदेखील सोडतात. "समुद्राकाठी राहून मासे खायचे आणि त्याला उपास म्हणायचं, मला जमत नाही बाय," म्हणाल्या.

पहाटे साडेपाचला चर्च भरलेलं. फादरांच्या अंगावर जांभळा झगा. वेदीवर एकही फूल नाही. रविवारचं डोळ्यांत होतं म्हणून ते रिकामेपण अंगावर आलं. शुभवर्तमान मत्तयचं: दान कराल तेव्हा डाव्या हाताला कळू देऊ नका, उपास कराल तेव्हा तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून बाहेर पडा. ते ऐकून लगेच सगळे कपाळावर राख घ्यायला रांगेत उभे राहिले. मला त्यात अवघडल्यासारखं झालं. मग पुढच्या माणसाची पाठ पाहिली, जेवणाचा डबा असलेली, लोकल गाठायच्या तयारीची. तो दिवसभर ती राख घेऊन गर्दीत उभा राहणार होता. त्यात मिरवणं कसलं.

राख कुणालाही घेता येते, ख्रिस्तीच असायला हवं असं नाही. मैत्रिणीने मला पुढे ढकललं. फादरांचा अंगठा कोरडा आणि ऊबदार होता. "तू माती आहेस आणि मातीला मिळशील, याची आठवण ठेव." सहा महिने मी हे वाक्य माझ्यापुरतं टाळत आले होते. त्या अंगणातली राख कपाळाला लागली तेव्हा रडू आलं आणि मी ते अडवलं नाही.

घरी येऊन सासूबाईंनी डोक्याला फडकं बांधलं आणि वाडीत शिरल्या. मोगरा नुकताच लागला होता. वर्षभर वाडीतल्या फुलांतली ओंजळभर आधी चर्चला जातात, मग बाकीची दादरच्या फुलबाजारात. मोगऱ्याचा बहर वाढत जातो तो नेमका या दिवसांत, वेदी रिकामी असते तेव्हा. वाईट वाटत नाही का, मी विचारलं. त्या कळ्या खुडत राहिल्या. घामाने कपाळावरचा क्रूस ओघळून भुवईपर्यंत आला होता. त्यांनी पुसला नाही.

निघताना त्यांनी केळीच्या पानात बांधलेला एक पुडा माझ्या पिशवीत वर ठेवला, शनिवारी क्रूस होता तिथे.

"चर्चला आता ईस्टरपर्यंत नकोत," म्हणाल्या. "ओंजळभर तर काढायचीच. तुझ्या आईच्या तसबिरीला घाल."

लोकलमध्ये समोरच्या बाकावर दोघींच्या कपाळावर राख होती. एकीने माझ्या कपाळाकडे बघितलं, मान हलवली आणि सरकून जागा दिली. दादरला गाडी बदलली. कर्जत सोडून घाट चढायला लागलो तेव्हा डब्यात वास सुटला. कळ्या उमलत होत्या.