आमची वाटचाल : काढणीआधीच्या फवारणीने आमची मूग खरेदी कशी बदलली

जळगावात आमची छोटी डाळ मिल आहे. मूग मोगर (साल काढलेली डाळ), मूग छिलटा (सालासकटची डाळ) आणि मोडांसाठी अख्खा मूग, एवढाच आमचा व्यवहार. माल वर्षातून दोनदा येतो. खानदेशातला खरीप मूग ऑगस्टअखेरपासून, आणि मध्य प्रदेशातल्या नर्मदापुरम, हरदा, सीहोर पट्ट्यातला उन्हाळी मूग जूनमध्ये. पूर्वी खरेदी ठरत असे ती ओलावा, माती-खडा, डागी दाणा आणि डाळीचा उतारा पाहून. आज त्याच्याही आधी एक प्रश्न येतो : काढणीच्या शेवटच्या दहा दिवसांत या मुगावर काय मारलं?

हा प्रश्न उन्हाळी मुगालाच जास्त लागू पडतो, आणि त्याची कारणं शेतातच आहेत. गहू निघाल्यावर कालव्याच्या पाण्यावर हा मूग पेरतात. पीक साधारण ६० ते ६५ दिवसांचं, आणि पाऊस यायच्या आत ते घरात यायला हवं. पण मुगाच्या शेंगा एकदम पिकत नाहीत. खालच्या काळ्या होतात तेव्हा वर फुलं असतात. मजूर असले तर दोन-तीन तोडण्यांत हे सांभाळता येतं, हार्वेस्टरने काढायचं तर नाही. ओला पाला ड्रममध्ये गुंडाळला जातो, दाणा हिरव्या रसाने माखतो. म्हणून सगळं पीक एकदम वाळवण्यासाठी तणनाशक मारतात, बहुधा पॅराक्वाट २४ टक्के. आपल्याकडे मूग वाळवण्यासाठी या औषधाची नोंदणी नाही. शेतकरी हे हौसेने करत नाही. त्याच्या डोक्यावर ढग असतात आणि हार्वेस्टरची पाळी एकदाच येते. हे समजून घेतल्याशिवाय त्याच्याशी दराची बोलणी करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

पॅराक्वाट आणि ग्लायफोसेट या दोन तणनाशकांतला फरक खरेदीदाराला माहीत असायलाच हवा. पॅराक्वाट जिथे लागतं तिथला हिरवा भाग जाळतं. उन्हात दोन-तीन दिवसांत पान वाळतं. झाडात ते फारसं फिरत नाही, त्यामुळे शेंग पूर्ण बंद असेल तर मुख्य धोका शेंगेच्या टरफलाला. शेंग उकललेली असेल किंवा काढणीत धूळ-पाला मिसळला तर दाण्यालाही. ग्लायफोसेटचं काम वेगळं. ते पानातून साखरेच्या वाटेने झाडभर जातं आणि साखर जिथे साठते तिथे पोचतं, म्हणजे भरत असलेल्या दाण्यात. दाणा भरण्याआधी फवारलं तर अंश दाण्याच्या आतच बसतो. मग सालं काढून किंवा पॉलिश करून तो पूर्ण जात नाही. कॅनडात डाळवर्गीय पिकांवर काढणीआधी ग्लायफोसेट मारायला परवानगी आहे, पण तिथेही दाण्यातला ओलावा ३० टक्क्यांच्या खाली आल्यावरच, आणि फवारणीनंतर किमान ७ दिवस थांबून.

आमच्या कामात बदल सुरू झाला तो २०१८ च्या ऑक्टोबरात. कॅनडा-ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या मसूर आणि मुगातल्या ग्लायफोसेटची तपासणी करण्याचे आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दिले. कडधान्यांसाठी आपली स्वतःची मर्यादा नव्हती, म्हणून कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, धरली. मसुरासाठी ती तेव्हा किलोला ५ मिलिग्रॅम होती. मोठे गिऱ्हाईक प्रयोगशाळेचा दाखला मागू लागले.

आणि इथेच पहिली चूक होते. शेकडो कीटकनाशकांची एकत्रित तपासणी करून घेतली, सगळीकडे ‘आढळले नाही’ आलं, म्हणून माल साफ, असं समजलं जातं. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट या दोघांचेही रेणू पाण्यात विरघळणारे, नेहमीच्या पद्धतीच्या द्रावकात उतरतच नाहीत. दोघांची तपासणी स्वतंत्र पद्धतीने, नाव लिहून मागावी लागते. दाखल्यावर ही दोन नावं नसतील तर या कामासाठी तो कोरा कागद आहे.

नमुना घेण्याची आमची रीत अशी : १०० पोत्यांच्या गाडीत किमान १० पोत्यांना परखी (पोत्यात खुपसून दाणे काढायची पोकळ सळई), वर-मध्ये-खाली अशा तिन्ही थरांतून. सगळं ताडपत्रीवर एकत्र करून चौथाई पद्धतीने, म्हणजे ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकत, दोन किलोवर आणायचं, तीन पाकिटं, तिन्हींवर आडत्याची आणि आमची सही. एक प्रयोगशाळेला, एक आमच्याकडे, एक विकणाऱ्याकडे. तिसरं पाकीट असलं की वांधा वाढत नाही. गाडीत चार शेतकऱ्यांचा माल मिसळलेला असेल तर मात्र एकाच्या फवारणीने सगळी गाडी अडकते. त्यामुळे मिसळलेली गाडी आम्ही अख्ख्या मुगासाठी घेत नाही.

अख्ख्या मुगाला घरच्या घरी एक चाळणी आहे : मोड. चार वेळा शंभर-शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून सात दिवस. बियाण्याच्या मुगाला किमान ७५ टक्के उगवण लागते. उसळीच्या मुगाला आम्ही त्याहून कमी चालवत नाही. नुसते न उगवलेले दाणे मोजून भागत नाही. मूळ आखूड, जाड, बाजूच्या मुळ्या नसलेलं दिसलं तर ग्लायफोसेटचा संशय घ्यायचा. पाणीच न पिणारा कडक दाणा, जुना माल, कडक उन्हात तापलेला माल यांनीही मोड बिघडतात, म्हणून ही चाचणी इशारा देते, निकाल देत नाही. पॅराक्वाटसाठी तर ती भरवशाची नाहीच. डोळ्यांवर जाणं त्याहून धोक्याचं : फवारून वेळेत काढलेल्या मुगावर पावसाचा डाग नसतो, तो उलट उजळ दिसतो आणि लिलावात चढा जातो. फक्त त्यात सुरकुतलेला, न भरलेला दाणा जास्त असतो आणि डाळीचा उतारा तेवढा घटतो.

बाजारावर याचा किती परिणाम होतो, हे जगभर दिसलंय. ग्रेन मिलर्स या कंपनीने २०१५ मध्ये कॅनडातल्या, काढणीआधी ग्लायफोसेट मारलेल्या ओटची खरेदी थांबवली. इटलीने २०१६ मध्ये काढणीआधीची फवारणी बंद केली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये ग्लायफोसेटची मंजुरी दहा वर्षांनी वाढवली, पण पीक वाळवण्यासाठीचा वापर वगळून. आपल्याकडे २०२५ च्या उन्हाळ्यात मध्य प्रदेश सरकारने तणनाशकाचं कारण देऊन हमीभावाने मूग घ्यायला आधी नकार दिला आणि शेतकरी रस्त्यावर आल्यावर क्विंटलला ८,६८२ रुपयांनी खरेदी मान्य केली. मधल्या काळात ज्याने फवारणी केली नव्हती त्याचाही माल संशयात सापडला. ही गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त टोचते.

म्हणून आता आमचा दर दोन भागांत आहे. पहिला बाजारभावाचा, दुसरा न फवारता थांबण्याचा. हाताने शेंगा तोडलेल्या किंवा झाडं कापून शेतात वाळवून मळलेल्या मुगाला वरचा दर. त्यासाठी तोडणीची तारीख आणि शेवटच्या फवारणीचं औषध सौद्याच्या चिठ्ठीवर लिहायचं. खानदेशातला खरीप मूग या अटीत सहज बसतो, कारण इथे शेंगा अजून हातानेच तोडतात. उन्हाळी मुगात हा दर परवडायला शेत लहान हवं आणि मजूर वेळेवर. मोठ्या शेतकऱ्याला आम्ही पेरणीच पंधरा दिवस आधी करायला सांगतो, म्हणजे पावसाआधी पीक आपोआप वाळायला सवड मिळते.

तपासणीत अडकलेला माल परत जातो. त्याची छिलटा डाळ करत नाही, कारण दाण्याचं साल त्यात राहतं. चुनी (डाळीचा चुरा-कोंडा) हीही करत नाही, कारण ती गाई-म्हशींच्या गव्हाणीत जाते. मिलमध्ये चुकून चढला तर चाळणी, लिफ्टचे डबे आणि रोलर रिकामे करून पहिली दोन पोती बाजूला काढतो, मगच पुढची गाडी लावतो.