नवऱ्यापासून सध्या वेगळं राहत असताना सरकारी पैसे घेता येतात का? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, मी सध्या माहेरी आहे, घटस्फोट वगैरे काही नाही, बघू पुढे काय होतंय, पण तोपर्यंत लाडकी बहीण, रेशन, निराधार यातलं काही मिळेल का? आणि उद्या परत नांदायला गेले तर सरकार पैसे परत मागेल का?" हा प्रश्न मला सारखा येतो, कारण ओळखीपाळखीत सगळ्यांना माहितीये की मीपण पोरीला घेऊन पिंपरीहून लातूरकडे माहेरी येऊन राहिले होते आणि आता परत पिंपरीत आहे. का गेले आणि का आले ते विचारू नका, तो विषय वेगळा. पैशाचं तेवढं सांगते.

आधी एक गोष्ट. फॉर्मवर विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता असे रकाने असतात, "अजून ठरलं नाही" असा रकाना नसतो. मग सेवा केंद्रात कुणीतरी शहाणा भेटतोच, "नवऱ्यानं टाकलंय असं लिहा मॅडम, लवकर होतं." नाही लिहायचं. आज जे आहे तेच लिहायचं, म्हणजे उद्या एकत्र आलात तरी कुणी बोट दाखवू शकत नाही.

आणि लाडकी बहीणला तर तसं लिहायची गरजच नाही. महिना १५०० मिळायला वय २१ ते ६५ आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखाच्या आत लागतं, विवाहित बाईलाही मिळतं, ती सासरी राहते का माहेरी याच्याशी संबंध नाही. त्यामुळे परत गेलात तरी काही बदलत नाही. गोची दुसरीकडे आहे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं अशी व्याख्या आहे, म्हणजे तो इन्कम टॅक्स भरत असेल, सरकारी नोकरीत कायम असेल किंवा त्याच्या नावावर चारचाकी असेल (ट्रॅक्टर चालतो, का ते सांगायला नको) तर तुम्ही अपात्र, मग त्यानं तुम्हाला वर्षभरात रुपया दिलेला नसला तरी. हे मला आजही पटत नाही.

त्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन पडताळणी) आली. मी तेव्हा माहेरीच. केंद्रात गेले, माझा आधार नंबर, माझा ओटीपी, झालं, मग स्क्रीनवर पती किंवा वडिलांचा आधार नंबर टाका. नंबर होता माझ्याकडे, शाळेच्या फॉर्मला लागतो म्हणून ह्यांच्या आधारची झेरॉक्स पर्समध्येच असते, पण ओटीपी जाणार ह्यांच्या मोबाईलवर आणि आमचं तर बोलणंच बंद! मागे लाईन, केंद्रातला पोरगा म्हणतोय मॅडम पटकन, दहा मिनिटांत एक्स्पायर होतो. लावला फोन. ह्यांनी आधी विचारलं पोरगी बरी आहे ना, मी म्हटलं हो, ओटीपी आलाय का बघा. सहा आकडे सांगितले आणि ठेवला. माझं निभावलं, पण माझ्या मागे उभी होती तिचा नवरा फोनच उचलत नव्हता, ती तशीच परत गेली. नवरा वारलाय किंवा घटस्फोट झालाय त्यांच्यासाठी कागद अंगणवाडी ताईंकडे द्यायची सोय नंतर झाली, मुदतही १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरवर गेली, पण मधल्या बायकांकडे दाखवायला कागद कुठला? ज्या माणसापासून लांब आलो त्याच्याच मेहेरबानीवर हप्ता, असला प्रकार. एक मात्र नक्की करा, आधारला लिंक असलेलं खातं फक्त तुमच्या नावाचं आहे ना ते बँकेत जाऊन बघा. जॉइंट खातं लिंक असेल तर पैसे तिथेच पडतात आणि एटीएम कार्ड कुणाकडे असतं ते तुम्हाला माहितीच आहे.

रेशनचं मात्र सोपं आहे आणि तेच कुणाला माहीत नसतं. सासरच्या कार्डावरून नाव कमी करायच्या मागे लागू नका, निदान लगेच तरी नको, कारण आधी तिकडून नाव कमी झाल्याचा दाखला, मग इकडे नवीन अर्ज, आणि परत गेलात की सगळं उलटं. कार्ड अन्नसुरक्षेचं असेल आणि आधार जोडलेलं असेल तर तुम्ही जिथे आहात तिथल्या कुठल्याही दुकानात थंब लावून तुमच्या वाट्याचं धान्य घेऊ शकता, माणशी महिना ५ किलो, जानेवारी २०२३ पासून फुकट. आमचं कार्ड पिंपरीचं, तिघांचं १५ किलो, मी गावात माझं आणि पोरीचं १० घ्यायचे आणि ह्यांचं ५ तिकडे. मशीनवर किती शिल्लक आहे ते दिसतं, त्यामुळे ह्यांनी या महिन्याचं उचललं की नाही ते मला गावातल्या दुकानदाराकडून कळायचं. एखाद्या महिन्यात उचललेलं नसलं की आई म्हणायची, बाहेर खात असतील, आणि मी काही बोलायचे नाही. दुकानदार पहिल्यांदा "बाहेरचं कार्ड चालत नाही" म्हणतो. चालतं. तिथेच उभं राहायचं.

संजय गांधी निराधारबद्दल जास्त आशा ठेवू नका. तिथेही १५०० च आहेत, पण उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार, दोन घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा त्यात बसत नाही. घटस्फोटाची केस चालू आहे, किंवा झालाय पण पोटगी मिळत नाही, किंवा नवरा शिक्षा भोगतोय, अशांना अर्ज करता येतो, तहसीलला. नुसतं रुसून माहेरी आलेलीला नाही. आणि हे १५०० मिळाले तर लाडकी बहीण बंद, दोन्ही नाही मिळत.

मुलं सोबत असतील तर बाल संगोपन योजना विचारा. महिना २२५०, थेट मुलाच्या नावावर, एकट्या पालकाच्या मुलांसाठी, आणि त्यात आईवडील विभक्त असलेली मुलंही धरतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, घरी चौकशीला माणूस येतो, मग बाल कल्याण समिती मंजूर करते, वेळ लागतो. पोरीसाठी मी केला होता. मंजुरी यायच्या आत आम्ही परत एकत्र राहायला लागलो, मग एका पानावर लिहून दिलं की अमुक तारखेपासून आम्ही एकत्र आहोत, अर्ज बंद करावा, आणि पोच घेतली. तिथल्या बाई म्हणाल्या असं कळवायला कुणी येत नाही हो. परत गेलं तर काय, याचं उत्तर हेच. ज्या योजनेत वेगळं असणं हीच अट आहे तिथे कळवायचं आणि पोच जपून ठेवायची, बाकी ठिकाणी काही करायचं नाही.

आता खरं महत्त्वाचं, जे कुणी विचारत नाही. माहेरी आलात की दोन-तीन महिन्यांत नातेवाइकांची बैठक बसते आणि कुणीतरी मामा नाहीतर काका पाचशेचा स्टॅम्प पेपर आणतो, "परस्पर संमतीने वेगळे राहत आहोत", सही कर म्हणतात, पुढे भांडण नको. नका करू. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) पोटगी देतं, पण त्यातच लिहिलंय की दोघं आपसातल्या संमतीनं वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी नाही. तो कागद उद्या कोर्टात तुमच्याच समोर ठेवतील. आणि नोटरीसमोर केलेला घटस्फोट म्हणजे घटस्फोट नाही, त्या कागदावर कुठली योजनाही मिळत नाही. आमच्याकडेही आणला होता तो पेपर, मी म्हटलं वकिलाला दाखवून सांगते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणाल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी, दाखला मागत नाहीत. सकाळी लवकर जा, दुपारनंतर सगळे वकील कोर्टात उभे असतात.