४०० लाइक, तीन माणसं

आमचं आकाशदर्शन मंडळ म्हणजे सहा डोकी आणि एक ६ इंची दुर्बीण. अमावास्येच्या मागेपुढे येणाऱ्या शनिवारी माळावर जमायचं, एवढाच कार्यक्रम. माणसं वाढवायचं काम माझ्याकडे आलं, कारण सगळ्यांत जास्त वेळ फोनमध्ये डोकं घालून मीच बसतो.

मी पेज काढलं आणि हबल या अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेले तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचे प्रचंड ढग, टाकत सुटलो. मृगातल्या तेजोमेघाला ४०० च्या वर लाइक आले. त्या शनिवारी नवीन माणसं आली तीन. त्यातल्या एका काकांनी डोळा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे धुरकट दिसतंय, तेच का ते?" तेच होतं. मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग फारसे कळत नाहीत, ते फोटो बराच वेळ प्रकाश साठवून काढलेले असतात, असं मी सांगत राहिलो. काका मान डोलावत होते. पुन्हा काही आले नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं? जाहिरात एकाची आणि माल दुसराच, असा प्रकार मीच केला होता.

मग आपल्याच दुर्बिणीतून दिसेल तेवढंच टाकायचं ठरवलं. फोन नेत्रभिंगाला टेकवून फोटो काढणं वाटतं तितकं सोपं नाही. हात जरा हलला की चंद्र गायब. हात स्थिर ठेवला तरी पृथ्वी फिरतच असते, तो हळूहळू कडेला सरकतोच. शेवटी व्हिडिओ घेतला. दहा सेकंद, थरथरती चंद्रकोर, तिच्या कडेची विवरं आणि मागून कुणाचं तरी "अगं आई गं!" लाइक पन्नाससुद्धा नाहीत, पण खाली प्रश्न आले. कुठे जमता? लहान मुलं चालतील का? स्वतःची दुर्बीण लागते का? प्रत्येकाला मी वेगळं उत्तर लिहिलं, बूट घालून या, टॉर्चवर लाल कागद लावा, इथपर्यंत. पुढच्या शनिवारी अकरा नवे चेहरे.

व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र मी फसलो. सगळ्यांना एकाच ग्रुपमध्ये घातलं आणि आठवडाभरात सुप्रभातची फुलं सुरू झाली. मग कुणीतरी राशिभविष्य टाकलं. खगोलाच्या ग्रुपवर राशिभविष्य! त्यावरून जे जुंपलं, त्यात दोन जुने सभासद बाहेर पडले. आता सूचनांचा ग्रुप वेगळा, तिथे फक्त अ‍ॅडमिन लिहितात. भांडायला दुसरा आहे.

एकदा ढग आले म्हणून कार्यक्रम रद्द केल्याचं पेजवर टाकलं. एका ताईंना ते सोमवारी दिसलं. शनिवारी रात्री त्या दोन मुलांना घेऊन अंधाऱ्या माळावर उभ्या होत्या. तेव्हापासून निर्णय दुपारी चार वाजता आणि "येणार" म्हणणाऱ्या प्रत्येकाला फोन. पोलमध्ये मी "बघतो" असाही पर्याय ठेवायचो. सगळ्यांत जास्त मतं त्यालाच पडायची, पण त्यातलं कुणी आलेलं आठवत नाही. तो काढून टाकला.

आता पंचवीसेक जण येतात. दुर्बीण अजून एकच. रांगेतल्या शेवटच्या माणसाचा नंबर लागेपर्यंत शनी दोनतीनदा नजरेबाहेर सरकलेला असतो आणि दर वेळी मला तो पुन्हा आणून द्यावा लागतो. त्यामुळे गेले दोन महिने मी एकही नवा व्हिडिओ टाकलेला नाही. दुसऱ्या दुर्बिणीसाठी वर्गणी चालू आहे.