तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं कपाट काय वाईट होतं?

हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो आणि विचारणारा बहुधा चिडलेला असतो. परवा एक ताई आल्या होत्या. "आजीचं भरतकाम तुमच्या संग्रहालयाला दिलं. आज मुलांना दाखवायला घेऊन आले, तर ते ना भिंतीवर, ना काचेच्या पेटीत. कपाटातच ठेवायचं होतं तर आमचं कपाट काय वाईट होतं?"

मी त्यांना कोठारात नेलं, खण ओढला आणि भरतकाम अलगद उलटं केलं. दर्शनी बाजूची पानं फिकट, राखाडीकडे झुकलेली. मागच्या बाजूला तोच दोरा अजून गर्द हिरवा. मुलं एकदम म्हणाली, "हे दुसरंच आहे!" दुसरं नव्हतं. त्यांच्या घरी ते चौकटीत बसवून खिडकीसमोर टांगलं होतं. म्हणजे कपाट वाईट नव्हतंच. भिंत वाईट होती.

उजेडाचं नुकसान साचत जातं. कापड, कागद, जलरंग यांचा उडालेला रंग पुन्हा अंधारात ठेवल्यानं परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू द्यायचा नाही, असा संग्रहालयांचा शिरस्ता आहे. (दालनात शिरताच "लाइट गेलेत का?" असं लोक विचारतात, ते यामुळे.) तेवढ्या उजेडातही काही महिनेच मांडायचं आणि मग बराच काळ अंधारात ठेवायचं. भांडी, दगड, मातीच्या वस्तू यांना उजेडाचं एवढं वावडं नसतं. त्या कायम मांडलेल्या दिसतात आणि आमच्याकडे तेवढंच आहे असा समज होतो.

पण उजेड हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं जरा अवघड आहे, कारण त्यात चूक थोडी तुमची आणि बरीचशी आमची असते.

वस्तू आली की दानपत्र होतं, मग दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो. आधी साल, मग त्या वर्षातलं कितवं दान, मग त्यातली कितवी वस्तू. तो क्रमांक कापडावर लिहीत नाहीत. सुती फितीवर लिहून फीत दोन टाक्यांनी शिवतात, उद्या उसवता यावी म्हणून. कागदाच्या मागे मऊ पेन्सिल, बॉलपेन कधीच नाही. हे सगळं आम्ही नेमानं करतो. मग 'कोणी वापरली, कधी, कशासाठी' हा रकाना येतो, आणि तिथे लिहिलेलं असतं: 'जुनी, घरातली.' अशा वस्तूचं मांडून करायचं काय? पाटीवर 'भरतकाम, जुने' एवढंच लिहिता येतं. शिलाई मशीन घेऊन येणाऱ्यांना मी अलीकडे सरळ नाही म्हणते, पण त्या मशीनवर कोणी काय शिवून घर चालवलं हे सांगणारं कोणी सोबत आलं, तर जागा करते.

म्हणूनच कार्यक्रम. लोकांना वाटतं, संग्रहालयातले कार्यक्रम म्हणजे गर्दी जमवायची युक्ती. काही असतातही, १८ मेच्या आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनाला मुलांसाठी आम्ही जे करतो त्यात युक्तीच जास्त. पण 'फोटोतली माणसं ओळखा' ही संध्याकाळ मी सोडणार नाही. मागे एकही नाव नसलेला शाळेच्या वर्गाचा फोटो मोठा करून लावायचा, वर पारदर्शक कागद, त्यावर प्रत्येक डोक्याला आकडा. म्हाताऱ्या मंडळींच्या हातात पेन्सिल.

गेल्या खेपेला दोन आजोबांची जुंपली. एक म्हणाले, "सतरा नंबर मी." दुसरे म्हणाले, "छे! तू त्या दिवशी तापानं पडला होतास. तो तुझा भाऊ." पहिले गप्प झाले, फोटोजवळ गेले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊच. माझा सदरा घातलाय त्यानं." आम्ही दोन्ही म्हणणी लिहून घेतली, कोणी आणि कोणत्या तारखेला सांगितलं यासकट. एखाद्यानं मत बदललं तरी पहिलं खोडायचं नाही. त्या तासाभरात सव्वीस नावं मिळाली, आणि तो सदरा. नुसत्या फोटोपुढून लोक चालत जायचे. आता सतराव्या मुलापुढे थांबतात.

पांढरे हातमोजे का घालत नाही, हेही विचारलं जातं, म्हणून जाता जाता. जुन्या कागदाला स्वच्छ, कोरडे, उघडे हातच बरे. सुती मोज्यात बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि कड फाटते. फोटो आणि धातूसाठी मात्र मोजे हवेतच.

तर ताई, भरतकाम तुमच्या माणसांना केव्हाही बघता येईल. आठवडाभर आधी कळवा, म्हणजे खण काढून टेबलावर ठेवते. फोटो काढा, फ्लॅश नको. आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात, पानांच्या आड, तीन अक्षरं भरलेली आहेत. ती आजींच्या नावाची नाहीत. कोणाची, ते घरी विचारून या. तो रकाना मी पेन्सिलीनं गोल करून ठेवलाय.